मोगरा पट्टी आणि रविताबाईंचा चिन्नोर

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या ओमेश्वर रहांगडाल्यांनी आजवरच्या संसारात एकट्याच्या अकलेने काहीही विकत घेतलं नव्हतं. फ्रीज बायकोने, म्हणजे रविताबाईंनी पसंत केला, स्कूटर मेहुण्याने, आणि लग्नातला कोट तर सासऱ्यांनी परस्पर शिवून पाठवला होता. त्यामुळे जानेवारीतल्या त्या संध्याकाळी ते एकटेच मेडिकलमध्ये गेले आणि कोणालाही फोन न करता जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांचा डबा घेऊन आले, ही घटना मोठीच म्हणायची. गल्लीने तिची दखल घेतली, पण दुसऱ्या दिवशी, आणि तीही नाकाने.

पट्ट्या कशासाठी, ते आधी सांगायला हवं. रविताबाई शाळेत गणित शिकवतात आणि माहेरहून मिळालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिन्नोर लावतात. चिन्नोर म्हणजे बारीक दाण्याचा, अंगचाच वास असलेला तांदूळ. एका घरी शिजला की तीन घरांना भूक लागते. मागल्या साली गोंदियाच्या तांदूळ महोत्सवात त्यांनी तो मांडला, तर बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने ओंजळभर उचलून हुंगला आणि चारचौघांत म्हणाला, "बाई, ये तो शीशी की खुशबू है." म्हणजे साध्या तांदळाला अत्तर चोळून आणलंय. वर्गात चुकलेलं गणित रविताबाई हसून माफ करतात, पण दुसऱ्याचं पाहून उतरवलेलं कधीच नाही. आणि नेमका लबाडीचाच आरोप त्यांच्या पदरात पडला होता.

या साली महोत्सवात हातसडीच्या सुगंधी तांदळाची स्पर्धा निघाली. रविताबाईंनी ठरवलं की तांदूळ असा न्यायचा, की कोणाला तोंड उघडायला जागा राहू नये. बचत गटातल्या पाच जणी त्यांनी गोळा केल्या. सासूबाईंनी, म्हणजे रामबाईंनी, न्हाणीमागे पडलेलं उखळ-मुसळ काढून दिलं आणि स्वतः अंगणात खाट टाकून देखरेख मांडली. "जोर मुसरात पाह्यजे वो, तोंडात नाई," असं त्या मधूनमधून बजावत, आणि बाया हसत, आणि मुसळ चालू राही. शिक्षिका, अंगणवाडीताई, पिको-फॉलवाली अशा त्या सहा जणी. त्यांच्यातल्या एकीनेही आयुष्यात मुसळ धरलं नव्हतं. तरी त्यांनी धान सडलं, पाखडलं, परत सडलं. सांगणाऱ्याला याचं कौतुक लपवता येत नाही, आणि का लपवावं?

सडणं संपलं, तेव्हा महोत्सव दोन दिवसांवर आला होता. ओमेश्वरराव ऑफिसातून घरी आले तर अंगणात सगळ्या जणी तळहात वर करून बसलेल्या. तळहातांवर टरारून फोड आलेले, काहींचे फुटलेले. तांदूळ निवडायचा अजून बाकीच होता. रविताबाई चहाचा कप दोन मनगटांत धरून पीत होत्या. ओमेश्वररावांनी ते पाहिलं. हा गृहस्थ सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे, इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नाही आणि बायकोवरचं प्रेम फार तर गॅसचं सिलिंडर उचलून दाखवतो. पण त्या दिवशी तो बूट न काढताच माघारी फिरला.

नाक्यावरच्या मेडिकलवाल्या खेमराजने काउंटरवर दोन डबे ठेवले. एकात साध्या, मातकट रंगाच्या, बिनवासाच्या पट्ट्या. दुसऱ्यात मोगऱ्याच्या वासाच्या, वर फुलं छापलेल्या.

"साब, ये नया आया है," खेमराज म्हणाला. "बच्चे भी लगवा लेते हैं चुपचाप. साध्या पट्टीले कोन विचारते आता?"

ओमेश्वररावांनी दोन्ही डबे आळीपाळीने नाकाशी नेले. साध्या पट्टीला वास नाही असं डब्यावर लिहिलं होतं, पण त्यांना दवाखान्याचा वास आला. हा वास तांदळाला लागला तर? माणूस विचारी, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी विचार केला नसता तर पुढलं काहीच झालं नसतं.

एवढ्यात शेजारचे केवळरामजी खोकल्याचं औषध घ्यायला आले. केवळरामजींनी आयुष्यभर आरोग्य खात्याची अॅम्ब्युलन्स चालवली, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या आजारांवर पहिला हक्क त्यांचा असतो.

"साहेब, मी एक सांगू का?" ते म्हणाले. "बिनवासाची म्हनतेत ना, तिलेच जास्त वास राह्यते. मी पेशंट वाहून वाहून म्हतारा झालो, मले माहीत आहे. आता तुमचा तांदूर सुगंधी. मंग पट्टी सुगंधी घ्या. सुगंधात सुगंध गेला तं बिघडून बिघडून का बिघडते?"

कचेरीत या तोडीचा मुद्दा मांडला गेला की ओमेश्वरराव फाईल लगेच पुढे सरकवतात. त्यांनी मोगरा उचलला.

घरी येऊन त्यांनी सहाही जणींच्या तळहातांना स्वतःच्या हाताने पट्ट्या लावल्या. पाकिटाला तिकीट लावावं तशा सरळ रेषेत लावल्या आणि कडा अंगठ्याने दाबल्या. पिको-फॉलवाल्या सुशिलाबाई लाजून म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरच्यायनं तं अजून हात पाह्यलाबी नाई." रविताबाईंनी आपला तळहात नाकाशी नेला.

"याले वास आहे का जी?"

"आहे. पण चांगला आहे," ओमेश्वरराव म्हणाले.

रविताबाई इतक्या थकलेल्या होत्या की 'चांगला आहे' यावर त्यांनी भांडण काढलं नाही. सगळ्या जणी तांदूळ निवडायला बसल्या. अंगणात मोगरा दरवळत होता, सगळ्या खुशीत होत्या आणि ओमेश्वरराव स्वतःच्या खरेदीवर बेहद्द खूश होऊन दोनदा विनाकारण अंगणातून फिरून गेले. निवडलेला तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात भरला गेला.

सकाळी रामबाईंनी झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि तितक्याच वेगाने बाहेर काढलं.

"काऊन वो रविता, हा तांदूर होय का उदबत्ती?"

चिन्नोरचा मागमूस नव्हता. डब्यातून निव्वळ मोगरा उसळत होता. रविताबाईंनी तांदूळ सुपात ओतला, तेव्हा तळातून एक पट्टी निघाली, फुलं वर करून पडलेली. ती सुशिलाबाईंच्या हातची होती. अंगठ्याखालची जागा त्यांना कालपासून मोकळी मोकळी वाटत होतीच, पण एवढ्याशा गोष्टीसाठी कोण कोणाला सांगतं? ही पट्टी रात्रभर बंद डब्यात आपलं काम इमानेइतबारे करत बसली होती. हातसडीचा दुसरा दाणा घरात नव्हता, आणि पुन्हा सडायला धड हात नव्हते.

रविताबाई रागावल्या असत्या तर ओमेश्वररावांना बरं वाटलं असतं. त्या पायरीवर बसल्या आणि सुपातल्या तांदळाकडे पाहत एवढंच म्हणाल्या, "मागल्या साली तो खोटं बोलला होता. यंदा बोलला तं खरं बोलंन."

हे वाक्य ओमेश्वररावांच्या काळजात घुसलं. त्यांनी रजेचा अर्ज टाकला आणि तांदळाचा वास काढायच्या मोहिमेवर निघाले. मोहिमेचे सल्लागार अर्थातच केवळरामजी. आदल्या दिवशीच्या सल्ल्याचं काय झालं, हे त्यांना कुंपणावरून ऐकू आलं होतं. पण डॉक्टर कधी मागल्या पेशंटबद्दल बोलत नाही, तसं त्यांनी त्याबद्दल बोलणं टाळलं.

"उनात टाका," ते म्हणाले. तांदूळ गच्चीवर चादरीवर पसरला. ऊन लागताच मोगरा असा काही फुलला की खालून जाणारी एक बाई लग्न कोणाकडे आहे म्हणून विचारून गेली. मग केवळरामजींना आठवलं की कोळसा वास ओढून घेतो. कोळसा फडक्यात बांधून तांदळात ठेवला. फडकं जुनं होतं, फाटून कोळशाचा चुरा तांदळात गेला. तांदूळ पुन्हा पाखडावा लागला, आणि ते पाखडणं ओमेश्वररावांनी स्वतः केल्यामुळे चिमण्यांचीही सोय झाली. दुपारी केवळरामजी कुंपणाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की खात्यात असताना त्यांनी पाहिलं होतं, चिरलेला कांदा खोलीतला वास पिऊन टाकतो. ओमेश्वररावांनी घरात कोणी नाही असं पाहून कांदा उभा चिरला आणि डब्यात घातला.

घरात कोणी नाही हे खरं नव्हतं. रामबाई मागच्या दारात होत्या.

"झाली का मोगऱ्याची भाजी?" त्या म्हणाल्या. "आता फोडनीबी देऊन टाक बाबू."

शाळेतून आल्यावर रविताबाईंनी कांदा उचलून बाहेर टाकला आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमी आता या तांदराले हात लावू नोका." आवाज चढवला नव्हता. ओमेश्वररावांना तो फार लागला. कचेरीत त्यांच्याशी असं कोणी बोलत नाही, कारण कचेरीत त्यांनी कधी काही बिघडवलेलं नाही. तिथे ते सहसा काही करतच नाहीत.

मग त्यांना वाटलं, निदान उद्याची नामुष्की तरी टाळावी. रविताबाईंना न सांगता ते महोत्सवाच्या कार्यालयात गेले. मैदानाच्या कडेला तंबूत टेबल होतं, टेबलामागे एक तरुण बाबू होता आणि बाबूसमोर समोसा होता.

"स्पर्धेतून नाव मागे घ्यायचंय," ओमेश्वरराव म्हणाले.

"तुमचं नाव?"

"माझं नाही, मिसेसचं."

"मग मिसेसले आना."

"त्यांना कळू द्यायचं नाही."

बाबूने समोसा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, कारन काय लिहू?"

कारण काय लिहावं हे ओमेश्वररावांनाही कळेना. त्यांनी आपला हुद्दा सांगून पाहिला. बाबू म्हणाला की नाव मागे घ्यायला अध्यक्षांची सही लागते आणि अध्यक्ष प्रतापगडला देवदर्शनाला गेलेत. उद्या या.

"उद्या तर स्पर्धाच आहे."

"मग स्पर्धा झाल्यावर या," बाबू म्हणाला आणि पुन्हा समोशाकडे वळला.

आयुष्यभर दुसऱ्यांना 'उद्या या' सांगणाऱ्या माणसाला ते वाक्य समोरून कसं लागतं, हे त्या दिवशी ओमेश्वररावांना कळलं. ते मुकाट्याने घरी आले. जेवताना त्यांच्याच्याने राहवलं नाही आणि सगळं बोलून बसले. रविताबाईंनी ताटात पाणी टाकलं.

"नाव मी दिलं," त्या म्हणाल्या. "काढाचं असन तं मी काढीन. मी नाई काढत. तांदूर माझा चिन्नोर आहे. वरून काय लागलं ते लागलं, आतला तं कोनी बदलवला नाई ना?"

आता तुम्हीच सांगा, अशा बाईचं काय करायचं? ओमेश्वररावांनी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी महोत्सवात हातसडीचे नमुने ओळीने मांडले होते. प्रत्येकापुढे नावाची पाटी, मागे माणसं उभी. रविताबाईंच्या मागे त्यांच्या पाचही जणी साड्या नेसून आल्या होत्या आणि त्यांच्या मागे रामबाई खुर्चीवर होत्या. ओमेश्वरराव एका खांबाशेजारी उभे राहिले. खांब अरुंद असल्यामुळे ते दोन्ही बाजूंनी दिसत होते. परीक्षक होत्या चंद्रकांता बिसेन, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या. बाई हसत नसत आणि वाकून प्रत्येक नमुना नाकाने तपासत पुढे सरकत. सोबतचे दोन पाहुणे परीक्षक त्यांच्या मागोमाग तोच नमुना हुंगून मान हलवत.

रविताबाईंच्या नमुन्याशी बिसेन मॅडम वाकल्या आणि तशाच थांबल्या. पाहुण्यांपैकी एकाने हुंगून शेजारच्याला डोळा मारला. "अत्तर," तो म्हणाला, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला. बघणाऱ्यांत कुजबुज झाली. रविताबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण नजर खाली गेली नाही.

ओमेश्वरराव खांब सोडून पुढे आले. कसे आले ते त्यांना आजही सांगता येत नाही.

"मॅडम, अत्तर नाही," ते म्हणाले. "मोगऱ्याची पट्टी आहे. जखमेवरची. मी आणली होती, डब्यात पडली." आणि पुरावा म्हणून त्यांनी खिशातून फुलांचा डबा काढून टेबलावर ठेवला. सगळा मंडप हसला. ओळखीचे कचेरीतले दोघे होते, तेही हसले.

बिसेन मॅडमनी डबा हुंगला. मग तांदूळ पुन्हा हुंगला. "आणि हा कांदा?"

"तोही मीच," ओमेश्वरराव म्हणाले.

आता हसण्याला धरबंद राहिला नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "डबा कोणीही विकत आणू शकतं," त्या रविताबाईंना म्हणाल्या. "पट्टी कशाला लागली होती तुम्हाला?"

रविताबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि एका हाताची पट्टी दातांनी सोडवली. खाली तळहात सोललेला होता. सुशिलाबाईंनी आपले हात पुढे केले, मग अंगणवाडीताईंनी, मग बाकीच्यांनी. सहा जणींचे तळहात ओळीने उघडे झाले, काही पट्टीसकट, काही बिनपट्टीचे, आणि मंडपातलं हसणं कुठल्या कुठे गेलं.

बिसेन मॅडमनी ते हात एकेक करून पाहिले, डॉक्टर पाहतो तसे. मग त्या मागे वळल्या आणि ओळीतल्या दुसऱ्या हातसडीवाल्यांकडे पाहिलं. कोणाला काही विचारलं नाही, फक्त पाहिलं. दोन-तीन जणांनी आपले हात पाठीमागे घेतले, एकाने खिशात घातले.

"हातसडीचा म्हणून सगळेच लिहितात," मॅडम म्हणाल्या. "हात आजवर कोणी दाखवले नव्हते. धुवा तांदूळ. शिजवा माझ्यासमोर."

तांदूळ तीन पाण्यांनी धुतला. पहिलं पाणी मोगऱ्याचं निघालं, दुसऱ्यात थोडा कांदा होता, तिसरं नुसतं पाणी होतं. स्टॉलवरच्या शेगडीवर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, चढलं. कोणी निघून गेलं नाही. जे मघाशी हसत होते तेच आता पुढे सरकून उभे राहिले. रविताबाई झाकणाकडे पाहत होत्या आणि ओमेश्वरराव रविताबाईंकडे. वाफ निघाली, झाकण थडथडलं, रामबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि म्हणाल्या, "आला."

मग तो सगळ्यांनाच आला. तो वास वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. ज्याने चिन्नोर शिजताना घेतलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. अत्तर म्हणणारा पाहुणा तेव्हा दुसऱ्या स्टॉलवरची कसलीशी माहिती फार मन लावून वाचत होता. बिसेन मॅडमनी एक शीत बोटावर घेतलं, खाल्लं आणि डोळे मिटले. "हा चिन्नोर आहे," त्या म्हणाल्या. "भेसळ नाही, अत्तर नाही. पहिला नंबर इथेच ठरला."

टाळ्या वाजल्या. बाया एकमेकींना मिठ्या मारू लागल्या, पण हात न लावता, कोपरांनीच. पळसाच्या द्रोणांतून भात वाटला गेला. एक द्रोण रविताबाईंपुढे आला. त्यांनी हात पुढे केला आणि गरम भाताची वाफ सोललेल्या तळव्याला लागताच मागे घेतला.

ओमेश्वररावांनी द्रोण उचलला. भर मंडपात, कचेरीतल्या त्या दोघांसमोर, त्यांनी भात फुंकला, लहानसा घास केला आणि बायकोच्या तोंडापुढे धरला. रविताबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि मग घास घेतला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओमेश्वरराव घाबरले. भात जास्त गरम होता की काय, असं त्यांना वाटलं.

"पाह्यत काऊन राह्यले सारे?" रामबाई लोकांना म्हणाल्या. मग मुलाकडे वळून हळूच बोलल्या, "त्या शीशीच्या बोलन्यापासून सालभर तोंडात घातला नाई तिनं हा भात. घरी शिजला का पोट दुखते म्हने. तुले समजलं नाई, मले समजे. चार तिले."

ओमेश्वररावांना खरंच समजलं नव्हतं. त्यांनी दुसरा घास केला.